भाऊंचे लीडर

वहिनी, तुझ्या फोटोवरचा हार अजून सुकला नव्हता, आणि आपल्या ओटीवर भाऊंचं कौतुक सुरू झालं.

बोईसरहून मासे धरणारी गळवाली मुलं आली होती. मुलं कसली, आता चांगले बाप्ये झालेत, पण तू त्यांना मुलंच म्हणायचीस. बेटेगावचा प्रशांत, त्याच्या कारखान्यातला दिनेश, आणखी दोघं-तिघं. सुट्टीचा दिवस बघून आले, पायरीखाली चपला काढल्या, तुझ्या फोटोपुढे हात जोडले आणि चटईवर बसले. मग बोलायला काहीतरी हवं म्हणून प्रशांत म्हणाला, "भाऊ, तुमच्या हातचा लीडर लावला ना, की मनात धाकधूक नसते बघा. मागच्या खेपेला केवढी वाम लागली! खडकात शिरली, पण तार काय तुटली नाय."

आणि भाऊंनी, तुझ्या नवऱ्याने, तुझ्याच फोटोशेजारी बसून मान डोलावली.

"हां," म्हणाले. "तार चांगली हाय ती."

मी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. हात रिकामे असते तर काय केलं असतं, सांगता येत नाही. तांब्या खाली ठेवला आणि आत जाऊन तुझ्या मागच्या पडवीत उभी राहिले. तिथे खुंटीला अजून तुझं तारेचं वेटोळं टांगलेलं होतं. मला रडायला येईल असं वाटलं होतं. आलं नाही. राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे.

लोकांत मी तुला अहो-जाहो करायचे. थोरली जाऊ तू. पण मागच्या पडवीत आपण दोघीच असलो की तू आणि मी. तेच चालू ठेवते.

तुझी गोष्ट ज्यांना माहीत नाही त्यांना आधी हे लीडर प्रकरण सांगावं लागतं. आपल्या घरी लीडर तयार होतात म्हटल्यावर माझ्या पालघरच्या माहेरचे विचारायचे, कुठल्या पक्षाचे? तू पदर तोंडाला लावून हसायचीस. गळाने मासे धरणाऱ्यांना ठाऊक असतं. लांबच लांब नायलॉनचा दोरा, म्हणजे तंगूस, आणि शेवटी गळ, यांच्या मध्ये एक वीतभर-हातभर तुकडा असतो, तो लीडर. आपल्या खडकांत वाम असते, सापासारखी लांब, तिचे दात करवतीसारखे. ती तंगूस असा कापते की कळतसुद्धा नाही. म्हणून मध्ये तारेचा तुकडा. बाजारात मिळतो, पण बाजारचा लीडर वाम दोनदा चावली की सुटतो, असं ही मुलंच सांगायची. तुझा सुटत नसे.

भाऊंना गळाचा नाद. वाडीतल्या नारळांना आणि मोगऱ्याला पाणी लावून झालं की ओहोटी बघून किल्ल्याखालच्या खडकावर जायचे. आणि रोज गळ गमावून यायचे. मी लग्न होऊन शिरगावात आले त्याच वर्षीची गोष्ट. एकदा ते असेच चरफडत आले, तर तू भाकरी थापता थापता म्हणालीस, "तारेचा तुकडा लावा मधी." आणि दुसऱ्या दिवशी रिक्षाच्या जुन्या क्लच-वायरीची एकेक तार सोडवून तू तो करूनही दिलास. तू सातपाटीची, मच्छीमार घरातली. तुझे वडील, बापू, बोटीवरून गळांची लांब दोरी लावायचे. हे सगळं तुझ्या बोटांत होतं, आम्हा वाडीवाल्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

त्या दिवशी भाऊंनी वाम आणली. खडकावरच्या लोकांनी विचारलं, कुणी केला हा लीडर? आणि तेव्हापासून ते झाले भाऊंचे लीडर.

तू करताना मी किती वेळा बघत बसले असेन. शाळेतून आले की साडीसुद्धा न बदलता पडवीत टेकायचे. तू एका हातात पक्कड, दुसऱ्या हातात तार. तंगूस पिळू नये म्हणून मध्ये एक गोल फिरणारी फिरकी असते, तिच्या कडीतून तार ओवायची, छोटा फास करायचा, मग दोन्ही पदर एकमेकांवर सारखे पिळायचे. एक ताठ उभा आणि दुसरा त्याच्याभोवती गुंडाळलेला, असं चालत नाही. तसं झालं तर ओढ बसताच सरकतो. दोघांनी वळायचं. एकदा मी म्हटलं, "हे जरा भाऊंना समजावून सांग." तू मला कोपराने ढोसलंस. पिळून झालं की शेजारी शेजारी घट्ट वेढे. आणि उरलेलं टोक पक्कडीने कापायचं नाही, इथे माझी नेहमी चूक व्हायची. कापलं की टोकाला धार राहते, ओल्या हाताने धरणाऱ्याचं बोट फाटतं. ते टोक वाकवायचं आणि झोपाळ्यासारखं पुढेमागे हलवायचं, मग आपसूक मोडतं. बोट फिरवलं तर लागायचंही नाही कुठे संपलं ते.

तुझी स्वतःची बोटं मात्र फाटलेली असायची. मीठ-मिरची करताना तू डावा हात मागे धरायचीस, ते मी बघत होते.

पुढे बोईसरहून मुलं येऊ लागली. एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. ओटीवर भाऊ बसलेले, आणि मागून तू तयार तारा कागदात गुंडाळून आणून द्यायचीस. "भाऊ, ह्याला जाड तार लावाल का?" "भाऊ, जिताड्याला पण असाच चालेल का?" भाऊ म्हणायचे, "बघतो." आणि मग आत येऊन तुला विचारायचे. जिताड्याला तार नको, त्या माशाला तार दिसते, जाडा तंगूस द्या, तू सांगायचीस. भाऊ बाहेर जाऊन तेच सांगायचे, वर थोडा विचार केल्यासारखं करून. तो विचार केल्यासारखा चेहरा! वहिनी, मला त्या चेहऱ्याचा इतका संताप यायचा की मी आतून खिडकी लावून घ्यायचे.

"तू सांगत का नाहीस?" मी विचारायचे.

"काय सांगायचं?"

"की तू करतेस म्हणून."

"जाऊ दे गं, नंदा. त्यांना बरं वाटतं."

"आणि तुला?"

"मला काय धाड भरलीय? मी बरी हाय."

हेच भांडण, वर्षानुवर्षं. मी तेच विचारायचे, तू तेच सांगायचीस. तुझ्या त्या 'जाऊ दे'ची मला एवढी चीड होती की एकदा मी तुझ्याशी चार दिवस अबोला धरला. तू रोज माझा डबा भरून, झाकण घट्ट लावून, काही न बोलता पिशवीत ठेवत होतीस. शेवटी मीच हरले.

त्या अबोल्याचं कारण होतं ती शाल. बोईसरला गळवाल्यांचा एक मेळावा भरला होता. कुणाच्या तरी हॉलमध्ये खुर्च्या-बिर्च्या मांडून, माईक लावून. तिथे भाऊंचा सत्कार ठरला. शाल, नारळ. सत्काराच्या टेबलावर मांडायला म्हणून लीडर कुणी केले? तू. त्यांचा पांढरा सदरा कुणी इस्त्री केला? तूच. आणि तू बरोबर गेलीस का? नाही, घरी पाहुणे यायचे होते. मी गेले, आमच्या यांच्याबरोबर. माईकवरचा माणूस म्हणाला, भाऊंच्या बोटांत जादू आहे. नारळ घेताना भाऊंचे हात थरथरले, लोकांना वाटलं गहिवरले. मला माहीत होतं, ते हात तेव्हा नुकतेच थरथरायला लागले होते, चहाची कपबशीही वाजायची. ज्या हातांना कपबशी धरवत नाही त्यांना जादूगार म्हणून टाळ्या!

घरी आल्यावर भाऊंनी स्वयंपाकघरात येऊन ती शाल तुझ्या खांद्यावर टाकली. "घे, थंडीत वापर," म्हणाले. बस, एवढंच. आणि तू ती वापरलीस, गोठ्यात जाताना, पहाटे, फाटेस्तोवर. मला तो अपमान वाटला होता. म्हणून बोलले नाही तुझ्याशी. आज त्या शालीचं काय वाटतं ते मला धड सांगता येत नाही, आणि याचाही मला रागच आहे.

तुला काहीच नको होतं असं सगळे म्हणतायत. परवा तुझी चुलत नणंद म्हणाली, "वहिनीला कसली म्हणून हौस नव्हती." खोटं. मला माहीत आहे तुला काय हवं होतं.

घरातली सगळी पुरुषमंडळी पालघरला लग्नाला गेली होती. दुपारची जेवणं झाली, ओहोटी लागली होती. तू अचानक म्हणालीस, "चल." भाऊंची गळाची काठी तू साडीच्या जुन्या पदरात गुंडाळून घेतलीस, जसा काही कुणाचा झाडू घेऊन चाललीयस. किल्ल्याच्या मागून खडकावर उतरलो. तू साडी गुडघ्यापर्यंत खोचलीस, चप्पल काढलीस आणि शेवाळावरून अशी चाललीस की मी मागून ओरडत होते, अगं पडशील! तू मागे बघितलंच नाहीस. पहिल्यांदा गळ फेकलास तो जवळच पडला. दुसरा बरोबर त्या काळ्या खाचेत, जिथे पाणी फिरतं.

मग किती वेळ काहीच नाही. ऊन डोक्यावर. मी म्हटलं, चल घरी. तू म्हणालीस, "श्श."

आणि काठी वाकली. वहिनी, तुझा तो चेहरा मी कधी विसरणार नाही. तू घरात हसायचीस, पण दात दिसू न देता. त्या दिवशी तुझे सगळे दात दिसले. "नंदा! धर मला मागून!" मी तुझी कंबर धरली. वाम खडकात घुसायला बघत होती, तू तिला इकडे ओढ, तिकडे ओढ करत होतीस आणि सातपाटीच्या शिव्या देत होतीस. तुला शिव्या येतात हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. शेवटी ती वर आली, हाताएवढी जाड, तार चावत, कचाकचा. तार सुटली नाही. तू त्या तारेकडे बघितलंस आणि म्हणालीस, "बघ. माझी हाय ती."

एवढंच बोललीस. माझी आहे ती. आयुष्यात एकदा, माझ्या एकटीसमोर.

आणि मग ती वाम आपण घरी आणली नाही. कारण कुणी धरली हे काय सांगणार? एक म्हातारी खडकाला चिकटलेले शिंपले, कालवं, फोडत होती, तिच्या टोपलीत तू ती टाकलीस. म्हातारी म्हणाली, "एवढी मोठी? आणि तुमी काय खाल?" तू म्हणालीस, "आमच्याकडं डाळ केलीय." घरी येताना तू साडीचा ओला काठ पिळत होतीस आणि मी तुझ्यावर चिडले होते, की निदान अर्धी तरी आणायची होतीस. तू म्हणालीस, पुन्हा जाऊ. पुन्हा गेलो नाही. तू भाऊंना विचारलंस, मलाही न्या एकदा खडकावर. मी ऐकलं होतं. ते म्हणाले, "लोक काय म्हणतील?" आणि तू मला येऊन म्हणालीस, जाऊ दे.

तापाचं निमित्त झालं आणि तू गेलीस. त्याबद्दल मी लिहिणार नाही. पालघरच्या दवाखान्यात तू मला जवळ बोलावलंस तेव्हा मला वाटलं, आता काहीतरी सांगशील. तू म्हणालीस, पडवीतलं तारेचं वेटोळं आत घे, दमट हवेने गंजेल. मी हो म्हटलं. मला तुला म्हणायचं होतं की वहिनी, तुझ्यासारखं हाताने काही करणारं माणूस मी दुसरं बघितलेलं नाही. लाजले. तू उद्या-परवा घरी येशील, तेव्हा सांगू. एवढ्या वर्षांत मी तुला फक्त 'सांगत का नाहीस, सांगत का नाहीस' असं टोचत राहिले.

तर ती मुलं आली त्या दिवसाचं. पडवीत उभी राहिले, वेटोळं खुंटीवरून काढलं, तुझा तो पत्र्याचा डबा घेतला ज्यात फिरक्या, तारेचे तुकडे आणि पक्कड असते, आणि ओटीवर गेले. सगळे बघायला लागले. डबा भाऊंच्या पुढ्यात ठेवला.

"भाऊ, ही मुलं एवढ्या लांबून आलीत. एक लीडर करून द्या त्यांना."

आमचे हे म्हणाले, "नंदा, आत जा."

"जाते. एक होऊ दे."

थोरल्या दिराला पाहुण्यांसमोर असं बोलायचं, आणि तेही घरात सुतक असताना! आपल्या सासूबाई वरून बघत असतील तर कपाळाला हात लावला असेल. पण मी हलले नाही. भाऊंनी डब्याचं झाकण उघडलं. तार हातात घेतली. पक्कड घेतली. फिरकीच्या कडीत तार घालायला गेले. हात थरथरत होता, तार कडीच्या शेजारून जात होती. पुन्हा. पुन्हा. प्रशांत खाली बघत होता. तिसऱ्या वेळी भाऊंनी तार ठेवून दिली आणि दोन्ही हात मांडीखाली घातले, शाळेत मार खाल्लेल्या पोरासारखे.

"मी नाय करत," ते म्हणाले. "मी कधीच नाय केले. हिने केले सगळे."

मला वाटलं होतं हे ऐकलं की मी मोकळी होईन. पण ते पुढे बोलले.

"हिनंच सांगितलेलं मला. पयल्या दिवशीच. म्हणाली, माझं नाव घेऊ नका. बाईच्या हातची तार हाय कळलं तर कोण पाण्यात टाकणार नाय. हिचा बापूस पण बोटीवर तसंच सांगायचा. गळ ही बांधायची, आणि तो सांगायचा, मी बांधले. बाईने दोरीवरनं पाय टाकला तरी मासा लागत नाय म्हणतात त्यांच्यात. म्हणाली, तुमी केले सांगा. मी सांगितलं."

वहिनी, मी तुझ्या फोटोकडे बघितलं. तू तशीच, दात न दाखवता हसत होतीस.

म्हणजे तू! इतकी वर्षं मी भाऊंवर जळत होते, जेवायला वाढताना त्यांच्या पानात भाकरी टाकत होते, ठेवत नव्हते. आणि तू मला जळू दिलंस. एकदा तरी सांगायचं होतंस की नंदा, हे माझंच आहे, मीच सांगितलंय. कशाला लपवलंस? मी तुझ्या बापूंना नावं ठेवेन म्हणून? ठेवली असती. आताही ठेवते. लेकीने बोटं फाडून बांधलेले गळ बोटीवर घेऊन जायचे आणि तिचं नाव घ्यायला जीभ रेटायची नाही, हा कसला बाप?

पण तेव्हा मी ते बोलले नाही. भाऊंना बोलले.

"तिने सांगितलं म्हणून तुम्ही ऐकलंत?"

"हां."

"बाकी तिचं काय ऐकलंत, भाऊ? पडवीला पत्रा घाला, पाऊस आत येतो, म्हणून किती वर्षं सांगत होती? तिची आई शेवटची आजारी होती तेव्हा म्हणाली, चार दिवस जास्त राहू द्या सातपाटीला. खडकावर न्या म्हणाली. यातलं एक ऐकलंत? तिचं एवढं एकच ऐकलंत, जे तुमच्या सोयीचं होतं."

आमचे हे उठून उभे राहिले होते. भाऊंनीच हात वर करून त्यांना बसवलं. "बोलू दे तिला," म्हणाले. बोलायला माझ्याकडे पुष्कळ होतं, पण त्यांची मान इतकी खाली गेली होती की मी वेटोळं नुसतं हातात आवळून धरलं.

आणि मग, वहिनी, सगळ्यात वाईट गोष्ट झाली. दिनेश, जो तिथे कधी बोलत नाही, तो म्हणाला, "भाभी, बुरा मत मानना. हमको तो मालूम था."

"क्या मालूम था?"

"यही. भाऊ के हाथ काँपते हैं, तार कहाँ से मोड़ेंगे? पीछे से तो चाची ही लाती थीं. उनकी उँगलियाँ कटी रहती थीं. सबको मालूम था."

मी प्रशांतकडे बघितलं. तो चटईची काडी उपटत होता. "हां मावशी. आमाला म्हायती होतं. पण म्हटलं, घरचं काय ते त्यांचं त्यांना. आपण कशाला बोला? काकूंना वाईट वाटेल."

सगळ्यांना माहीत! मला माहीत, भाऊंना माहीत, आमच्या यांना माहीत, बोईसरच्या गळवाल्यांना माहीत, बहुतेक खडकावरच्या कालवंवालीलाही माहीत. मग हे गुपित होतं तरी कुणापासून? बाईच्या हातची तार म्हणून कोण पाण्यात टाकणार नाही म्हणे! बाईच्याच हातची आहे हे ठाऊक असून ही मुलं तासभर रिक्षाने येऊन तीच मागून नेत होती. तुझी भीती खोटी होती. तुला घाबरवणारे कधीच संपले होते, आणि तुला हे सांगायला एक माणूस पुढे झालं नाही. मेळाव्यात माईकवर जादू जादू करणाऱ्यांतला एक जण मागच्या दारी येऊन "काकू, काय सुंदर काम करता" एवढं म्हणाला असता, तर त्याची जीभ झडली असती? पण नाही. सगळे सभ्य! सगळ्यांनी तुझा मान राखायचा म्हणून तोंड बंद ठेवलं, आणि त्या मानापोटी तुला कुणी कधी शाबास म्हटलं नाही.

मी त्यांनाही सोडलं नाही. म्हटलं, "वाईट वाटेल? एकदा विचारून तरी बघायचं होतं वाईट वाटतं का!" प्रशांतच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने माझ्या हातातलं वेटोळं बघितलं आणि उठून तुझ्या फोटोपाशी गेला. हात जोडले. काहीतरी पुटपुटला, मला ऐकू आलं नाही. आणि ते तुलाही ऐकू गेलं नाही. माझं दुखणं तेच आहे.

वहिनी, माझ्यासाठी मात्र तुला तोंड होतं. शाळेतली नोकरी लागली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, घरातलं कोण बघणार? मी आतल्या खोलीत रडत होते. तू पदर खोचून त्यांच्यासमोर उभी राहिलीस. "तिला जाऊ द्या. डबा मी करते, घर मी बघते. ती शिकलेली हाय, तिने काय शेण थापायचं?" त्या एका वाक्यावर मी आजपर्यंत पगार घेते आहे. मला शाळेत बाई म्हणतात, ते तुझ्यामुळे. दुसऱ्याचं नाव तू एवढ्या जोरात घेऊ शकत होतीस. मग स्वतःच्या वेळी तो आवाज कुठे जायचा? हे मला तुझ्याशी भांडायचं होतं. शालीवरून नाही, लीडरवरून नाही, यावरून. आणि तू मध्येच उठून गेलीस.

तुझं तेरावं झालं. पाहुणे गेले. सकाळी मी स्वयंपाकघरात होते आणि ओटीवर भाऊंचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून ते फोनवर ओरडूनच बोलतात, तुला माहीतच आहे. कुणीतरी नवीन माणूस होता, डहाणूकडचा वगैरे. लीडरसाठी.

"कोण? हां, बोला... नाय. नाय, मी नाय बनवत." मी चुलीपाशी हात थांबवला. "माझी बायको बनवायची. हेमलता. हेमलता! हां. सगळे तिनंच केलेले. मला येत नाय." पलीकडचा काहीतरी विचारत असावा. "नाय हो. ती नाय आता."

फोन ठेवून ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले. चौकटीला धरून उभे राहिले. मी काहीतरी म्हणावं म्हणून ते वाट बघत होते.

"सांगितलं मी," म्हणाले.

मला त्यांना बरं केलंत म्हणायचं होतं. म्हातारा माणूस आहे, बायको गेलीय, हात थरथरतायत. पण तोंडातून निघालं, "आता?"

ते वाडीकडे निघून गेले, पाणी न लावताच परत आले. आणि मी, वहिनी, तुझ्या मोरीत बसून सगळी भांडी आपटत आपटत घासली. टोप, परात, तुझी ती पितळी कळशी, सगळं. शेजारपर्यंत आवाज गेला असेल. तुला भांड्यांचा आवाज खपत नसे, घरातली लक्ष्मी जाते म्हणायचीस. गेली की गं लक्ष्मी. आता मी रोज आपटणार आहे. ये, आणि ओरड माझ्यावर. या वेळी जाऊ दे म्हणू नकोस.